घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करायचीय? आधी विजेचा बोर्ड उघडून बघा

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडं यंत्रमाग चालतात. त्या खटखटाटातच लहानाचे मोठे झालो, त्यामुळं त्याचा त्रास असा कधी वाटला नाही. तीन वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाण्यासाठी सहा संध्याकाळी बसून गिटारचे सगळे भाग घरीच रेकॉर्ड केले आणि मिक्सिंगसाठी पुण्याला पाठवले. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन आला, "वाजवलंय चांगलं, पण प्रत्येक ट्रॅकच्या मागं ही घरघर कसली?"

तो मागांचा आवाज नव्हता. गिटारची वायर सरळ इंटरफेसला, म्हणजे गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डब्याला, लावली होती, खोलीत माईकच नव्हता. घरघर विजेतून येत होती आणि ती नंतर काढता येईना. काढायला गेलं की तिच्याबरोबर गिटारचा गाभाही जायचा. सगळं पुन्हा वाजवावं लागलं.

ती घरघर नेमकी कुठून येते हे कळायला मला दोन महिने लागले. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. गिटार रेकॉर्डिंगचे बहुतेक धडे ॲम्प आणि सॉफ्टवेअरपासून सुरू होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यातली घरं मात्र भिंतीला भिंत लागून, वायरिंग आजोबांच्या काळचं आणि पावसाळ्याचे चार महिने हवा ओली. म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी तारा, मग वीज, मग इंटरफेस, आणि ॲम्पचा आवाज सगळ्यांत शेवटी.

काय काय लागेल

- गिटार आणि तारांचा नवा जोड. नवशिक्या बोटांना ९-४२ (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) बरा, जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांना १०-४६.
- 'इन्स्ट्रुमेंट' इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस. फोकसराईट स्कारलेट सोलो किंवा बेहरिंगर यूएमसी २२ यांसारखा एका गिटारपुरता छोटा डबा सुरुवातीला पुरतो.
- तीन ते पाच मीटरची चांगली गिटार केबल. फार लांब केबलमध्ये वरचे सूर बोथट होतात. स्पीकरची केबल इथं चालत नाही, तिला आतून जाळीचं आवरण नसतं.
- कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन. ब्लूटूथ नको. आवाज इतका उशिरा येतो की वाजवताच येत नाही.
- चार्जर काढल्यावर तास-दीड तास तग धरेल असा लॅपटॉप.
- ट्यूनर. सॉफ्टवेअरमधला चालतो.
- तुमच्या गल्लीतला विश्वासू वायरमन. हा यादीत हवाच.

कागदपत्रांचं म्हणाल तर इंटरफेसचं पक्कं बिल, वॉरंटीचं कार्ड आणि डब्याच्या बुडाला असलेल्या सिरियल नंबरचा फोटो एका ठिकाणी ठेवा. इंटरफेसबरोबर जी सॉफ्टवेअर्स मिळतात ती बहुतेक वेळा त्याच नंबरावर नोंदवून घ्यावी लागतात. जुना इंटरफेस घेत असाल तर आधीच्या मालकानं ती आपल्या नावावर घेतली आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा.

भिंतीला लावायचा फोम, कंडेन्सर माईक आणि पेडलांची रांग एवढ्यात घेऊ नका. त्यातलं काही पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही.

१. तारा आणि सूर

जून ते सप्टेंबर आपल्याकडं गिटार उघड्यावर भिंतीला टांगून ठेवली तर तारा पंधरा दिवसांत काळवंडतात. गंजलेली तार नुसती खरखरीत लागत नाही, तिचा सूरही वरच्या पडद्यांवर हलतो. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसा, गिटार केसमध्ये ठेवा आणि केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नवा जोड चढवा. त्याच दिवशी चढवला तर तारा ताणत राहतात आणि दर पाच मिनिटांनी सूर उतरतो. तारा चढवल्यावर एकेक तार हलक्या हातानं ओढायची, परत लावायची, परत ओढायची. ती जागेवर थांबेपर्यंत हे करत राहायचं.

मग बाराव्या पडद्याची परीक्षा. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावा आणि तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तिथं सूर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल थोडं मागं घ्यायचं, उतरा आला तर पुढं. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे ॲम्पच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजात, हे फारच महत्त्वाचं ठरतं, कारण स्वच्छ आवाजात खपून जाणारा बारीकसा बेसूरपणा डिस्टॉर्शन चालू केलं की कॉर्ड थरथरवतो. पुष्कळजण त्याचा दोष ॲम्पला देतात.

तंबोरा जुळल्याशिवाय गवई तोंड उघडत नाही, हे मिरजेच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला कुणी सांगायला नको. तोच नेम गिटारला लावा. प्रत्येक टेकच्या, म्हणजे रेकॉर्ड करायच्या प्रत्येक खेपेच्या, आधी ट्यूनर, दोन टेकमध्ये पाच मिनिटंच गेली असली तरीसुद्धा.

२. घरघरीचा शोध

हा भाग सावकाश वाचा.

आमच्या खोलीतल्या बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट होतं, म्हणून मी अर्थिंग आहे असं धरून चाललो होतो. वायरमन आला. मेन स्विच बंद करून त्यानं बोर्डाचे दोन स्क्रू काढले आणि पट्टी पुढं ओढली. मागून एक लाल आणि एक काळी अशा दोनच वायरी आल्या होत्या. वरच्या मोठ्या भोकामागचा पितळी स्क्रू इतक्या वर्षांनीही नव्यासारखा चकचकीत होता. त्याला कधी काही जोडलेलंच नव्हतं. "तीन होलं हाईत म्हणजे अर्थिंग हाय असं न्हाई ओ," तो म्हणाला, "खाली मातीपर्यंत वायर जायला पायजे की." मग परसात खड्डा काढला, त्यात नळी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ भरलं आणि तिथून हिरवी वायर खोलीपर्यंत आणली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओततो. माती कोरडी पडली की अर्थिंग ढिलं पडतं.

गिटारचा आणि याचा संबंध सांगतो. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट इंटरफेसच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. ते ग्राउंड पुढं जमिनीशी जोडलेलं नसेल तर तुम्ही, गिटार आणि केबल मिळून एक अँटेना होता. भिंतीतल्या वायरींत ५० हर्ट्झची वीज वाहते, तिची गुणगुण ही अँटेना उचलते. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असला की भर पडते. त्यातून थोडी गळती ग्राउंडवर येत राहते. धातूच्या लॅपटॉपच्या कडेवरून उलटा हात हळूच फिरवलात आणि मुंग्या आल्यासारखं झालं, तर ती हीच.

पण सगळी घरघर अर्थिंगमुळंच असते असं नाही. कारण शोधायला या चाचण्या याच क्रमानं करा. हेडफोन घाला, आवाज मध्यम ठेवा.

पहिली चाचणी : गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर गेली, तर ती पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबक आणि कॉइलच्या पट्टीतून, येते. तशीच राहिली, तर केबल, इंटरफेस किंवा वीजपुरवठा बघा. केबल बदलून पाहणं सगळ्यांत सोपं, ते आधी करा.

दुसरी : लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. आवाज लगेच शांत झाला तर चोर सापडला. रेकॉर्डिंग बॅटरीवरच करत जा.

तिसरी : तारांवर तळहात ठेवा. घरघर कमी झाली तर गिटारच्या आतलं ग्राउंड ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर आतली एखादी वायर सुटलेली आहे, ती डाग देऊन जोडून घ्या.

चौथी : गिटार हातात घेऊन बसल्या जागी गोल फिरा. एका दिशेला घरघर जवळजवळ नाहीशी होते आणि नव्वद अंशांवर पुन्हा वर येते, असं झालं तर तुमचे पिकअप सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) आहेत आणि खोलीतल्या विजेमुळं तयार झालेलं चुंबकीय क्षेत्र ते थेट पकडताहेत. शांत दिशा सापडली की खुर्चीच्या पायांपाशी खडूनं खूण करा आणि तिकडंच तोंड करून वाजवा. माझी खूण अजून फरशीवर आहे.

पाचवी : घरातल्या वस्तू एकेक बंद करा. एलईडी ट्यूब, पंख्याचा गोल फिरवायचा रेग्युलेटर, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर. आमच्याकडं पंख्याच्या रेग्युलेटरनं निम्मी घरघर दिली होती. मोबाईल विमान मोडवर टाकून दुसऱ्या खोलीत ठेवा.

सिंगल कॉइलचं हे दुखणं जुनं आहे. त्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकर काढला. एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल शेजारी ठेवायच्या आणि त्यांचे चुंबकही उलट लावायचे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरून आलेली गुणगुण मात्र एकमेकींना खोडते. तुमच्या गिटारला हंबकर असेल तर घरघरीची अर्धी लढाई जिंकलीत. स्ट्रॅटसारखी (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) तीन सिंगल कॉइलची गिटार असेल तर पाच जागांच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागा वापरून बघा. आजकालच्या बहुतेक गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळं त्या दोन जागांवर हीच युक्ती लागू होते.

इथं एक धोका स्पष्ट सांगतो. अर्थची पिन तोडून टाकली की घरघर जाते, असं कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. कधी कधी ती खरंच जाते. तरीही तसं करू नका. अर्थ नसलेल्या ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज तारांवर येते, आणि तारांवर हात असताना ओठ माईकला लागले की ती अंगातून जाते. जगभर वादक असे गेले आहेत.

दुसरा धोका वळवाचा. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ गडगडायला लागलं की भिंतीतले सगळे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि एक आनंदाची गोष्ट. इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल तर त्याला लागणारी वीज लॅपटॉपमधूनच मिळते. वीज गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही. एका दुपारी वीज गेली आणि मागच्या शेडमधले माग एकेक करत थांबले. गल्ली इतकी शांत झाली की शेजारच्या घरातली कढईत फोडणी पडलेली ऐकू आली. मी हेडफोन चढवला तर गिटारमध्ये घरघरीचा मागमूसही नव्हता. त्या पाऊण तासात जो स्वच्छ सोलो मिळाला, तो मी आजही नमुना म्हणून लोकांना ऐकवतो. तेव्हापासून लॅपटॉप कायम भरलेला ठेवतो आणि वीज गेली की गिटार हातात घेतो.

३. इंटरफेस जोडणं

गिटारची केबल इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये लावा आणि 'इन्स्ट' नावाचं बटण असेल तर ते दाबा. पिकअपचा सिग्नल अशक्त असतो. इन्स्ट्रुमेंट इनपुट त्याला साधारण एक मेगाओमचा अडथळा दाखवतं, म्हणजे त्याच्यावर ओझं जवळजवळ टाकतच नाही. लाईन इनपुट दहा किलोओमच्या आसपास असतं. तिथं लावलेली गिटार मऊ, दबलेली आणि कांबळ्याखालून वाजल्यासारखी येते. नव्या लोकांचे निम्मे 'आवाजात जीव नाही' प्रश्न या एका बटणावर सुटतात. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात ॲडॅप्टर घालून गिटार लावण्याचा मार्गही याच कारणानं फसतो.

४८ व्होल्टचं बटण बंदच ठेवा, ते कंडेन्सर माईकसाठी असतं. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) आधी टाका आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. मॅकवर वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

४. बोट आणि कान यांच्यातला उशीर

तार छेडल्यावर आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत हेडफोनमध्ये येतो. त्याला वेळ लागतो आणि तो बफरच्या, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल (नमुने) हाताळतो त्या, आकड्यावर ठरतो. हिशेब सोपा आहे : बफरला सॅम्पल रेटनं, म्हणजे सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या संख्येनं, भागा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, आणि १०२४ म्हणजे तब्बल २१. हा एका बाजूचा उशीर. जाऊन-येऊन दुपटीपेक्षा थोडा जास्त धरा.

आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. म्हणजे एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं आहे. तेवढं कुणालाही जमतं. २० च्या पुढं गेलं की हात अडखळायला लागतो आणि आपलाच ताल बिघडलाय असं वाटून आपण खचतो.

वाजवताना बफर १२८ ठेवा. लॅपटॉप जुना असेल आणि आवाजात टिचक्या येऊ लागल्या तर २५६ करा. मिक्सिंगला बसलात की १०२४ वर न्या, तेव्हा उशिराचा प्रश्न नसतो.

हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे इंटरफेसवरचं 'डायरेक्ट मॉनिटर'. ते चालू आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंगही चालू असलं की गिटार दोनदा ऐकू येते, एकदा कोरडी आणि लगेच मागून ॲम्पच्या आवाजात. ॲम्पचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर डायरेक्ट मॉनिटर बंद करा.

५. गेन

सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ निवडा. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, गाण्यातली सगळ्यांत जोराची कॉर्ड वाजवा आणि मीटरचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईपर्यंत इंटरफेसचा गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलचा जोर, फिरवा. उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. लाल दिवा एकदाही लागला तर ती टेक टाकून द्या. इंटरफेसमध्ये फाटलेला आवाज ॲम्पच्या डिस्टॉर्शनसारखा नसतो, तो चरचरतो आणि त्यावर उपाय नाही.

लाटा लॅपटॉपच्या पडद्यावर बारीक दिसतात म्हणून गेन वाढवायचा मोह होतो. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते. बारीक लाट नंतर मोठी करता येते, फाटलेली शिवता येत नाही. मात्र हळू वाजवून गेन लावायचा आणि रेकॉर्डिंगला जोर करायचा, ही चूक करू नका. हात तापल्यावर आपण सगळेच जास्त जोरात वाजवतो.

६. सॉफ्टवेअर आणि ॲम्पचा आवाज

मी रीपर वापरतो. ते ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. जुन्या लॅपटॉपवरही ते हलकं चालतं. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं, त्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

नवा ट्रॅक घ्या आणि इनपुट मोनो, ज्या भोकात गिटार आहे तेच निवडा. स्टिरिओ ठेवलंत तर गिटार एकाच कानात येईल. ट्रॅकवर ॲम्पचं प्लगइन (सॉफ्टवेअरमधलाच ॲम्प) टाका, मॉनिटरिंग चालू करा आणि लाल बटण दाबा. रीपरमध्ये ट्रॅकवर प्लगइन असलं तरी फायलीत कोरडी गिटारच साठते. तुम्हाला ॲम्प ऐकू येतो, पण आत जातं ते पिकअपमधून आलेलं जसंच्या तसं. घरी रेकॉर्ड करण्यातलं हे सगळ्यांत मोठं सुख आहे. आज वाजवा, आवाज सहा महिन्यांनी बदला. म्हणूनच ते कोरडं स्वच्छ असणं इतकं महत्त्वाचं, कारण घरघर असेल तर प्रत्येक नव्या ॲम्पमध्ये ती मोठी होऊन येते.

प्लगइनांत न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आणि मुक्तस्रोत आहे. खऱ्या ॲम्पांवरून केलेली मॉडेल्स लोक त्यासाठी वाटत असतात. मॉडेल नुसत्या ॲम्पचं असेल तर त्याच्यापुढं कॅबिनेटचा (स्पीकरच्या खोक्याचा) इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्याच्या आवाजाचा ठसा असलेली फाईल (आयआर), लावायलाच हवा. हे विसरलं की आवाज डबड्यात माशी अडकल्यासारखा येतो. गिटारचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही, आणि डिस्टॉर्शनची सगळी चरचर तिथंच असते. आयआर ती कापतो. रीपरबरोबर येणाऱ्या रीव्हर्ब (ReaVerb) नावाच्या प्लगइनमध्ये आयआरची फाईल लावता येते.

एक ॲम्प, एक कॅबिनेट निवडा आणि आठवडाभर त्यावरच वाजवा. रोज संध्याकाळ मॉडेल्स बदलण्यात गेली तर गाणं रेकॉर्ड होत नाही.

७. वाजवणं

क्लिक, म्हणजे हेडफोनमधली तालाची टिकटिक, लावूनच वाजवा. मला ताल गिटारनं शिकवला नाही, गल्लीतल्या भजनानं शिकवला. पखवाज कितीही रंगात आला तरी टाळ धरणाऱ्यानं आपली लय सोडायची नसते. बाकीचे सगळे त्याच्या भरवशावर असतात. क्लिक म्हणजे तो टाळकरी. नंतर ढोलक, बेस, आवाज जे काही चढेल ते त्याच्याच आधारानं बसेल.

दोन आवर्तनांची मोजणी आधी ठेवा म्हणजे पहिली कॉर्ड घाईनं येत नाही. अवघड भाग असेल तर क्लिक ठरलेल्या वेगाच्या सत्तर टक्क्यांवर आणून बसवा, मग वाढवत न्या. अख्खं गाणं एका दमात वाजवायचा हट्ट नको. कडवं वेगळं, ध्रुवपद वेगळं घ्या आणि जोडताना क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा चढेल असं करा. जोड कॉर्ड बदलते त्या क्षणी ठेवला तर कानाला कळत नाही.

न वाजणाऱ्या तारांवर तळहाताची कड टेकून ठेवायची सवय लावा. डिस्टॉर्शनमध्ये मोकळी तार आपोआप गुंजायला लागते. मधल्या तारा फारच बोलत असतील तर पहिल्या पडद्यापाशी केस बांधायचं कापडी रबर सैल गुंडाळा.

८. डावा-उजवा

रिदम गिटार रुंद, भरलेली वाटावी म्हणून तोच भाग दोनदा वाजवायचा. एक टेक पूर्ण डावीकडं, दुसरी पूर्ण उजवीकडं. दोन्ही वेळा हात किंचित वेगळा पडतो आणि त्या बारीक फरकातूनच रुंदी येते. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडं ठेवली तर काहीच रुंद होत नाही, मधोमध तीच गिटार मोठी ऐकू येते. कॉपी थोडी मागं सरकवून फसवता येतं, पण एकाच स्पीकरच्या मोबाईलवर वाजवलं की दोन्ही एकमेकींना खातात आणि गिटार पोकळ होते. आपले ऐकणारे बहुतेक मोबाईलवरच ऐकतात.

दोनदा वाजवताना डिस्टॉर्शन नेहमीपेक्षा बरंच कमी ठेवा. एकेकटी टेक उघडी वाटेल, दोन्ही मिळून भरीव होतील. नंतर ईक्यूमध्ये, म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायच्या साधनात, ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथं बेसला जागा लागते.

९. खरा ॲम्प असेल तर

गल्लीत राहणाऱ्यांनी हे वाचून सोडून दिलं तरी चालेल. खानापूरकडं मळ्यात घर असेल तर जरूर करा. शूअर एसएम ५७ हा माईक १९६५ पासून या कामासाठी वापरात आहे आणि त्याला मार खायची सवय आहे. स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर ठेवा. स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज धारदार, कडेकडं सरकवला तर मऊ. एक सेंटीमीटर सरकवलं तरी फरक पडतो, म्हणून एकजण वाजवायला आणि दुसरा हेडफोन घालून माईक सरकवायला असा जोड हवा. जागा सापडली की जाळीवर चिकटपट्टीची खूण करा.

ॲम्प खूप मोठा करायची गरज नाही. खोली घुमत असेल तर ॲम्पच्या मागं आणि बाजूला दोऱ्यावर जाड वाकळ टांगा. आजीनं शिवलेली वाकळ या कामाला विकतच्या फोमपेक्षा बरी, कारण ती जड असते. पावसात पत्र्याखाली मात्र माईक लावू नका.

१०. फायली पाठवणं

एका ट्रॅकचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी होतं. गाणं संपेपर्यंत दोन-तीनशे एमबी सहज भरतात, तेव्हा लॅपटॉपबाहेर एक प्रत ठेवा.

पाठवताना प्रत्येक फाईल गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून काढा, मध्ये शांतता असली तरी. नाहीतर समोरच्याला कुठली गिटार कुठं बसते ते कळत नाही. प्रत्येक भागाची कोरडी फाईल आणि तुमच्या ॲम्पच्या आवाजातली फाईल अशा दोन द्या. नावात गाणं, वेग, भाग आणि डावी की उजवी ते लिहा. एमपी३ नको, वेव्ह द्या.

आणि सगळे भाग वाजवून होईपर्यंत थांबू नका. मी आता पहिल्या संध्याकाळी अर्धाच मिनिट वाजवतो. शेवटी दहा सेकंद तारांवर हात ठेवून गप्प बसतो, म्हणजे मागची शांतताही रेकॉर्ड होते, आणि तेवढीच फाईल पुण्याला पाठवतो. "घरघर नाही, चालू दे" असा निरोप आला की मगच दुसऱ्या ट्रॅकला हात लावतो.